हीबरचे शनिवार

रविवार, २४ ऑगस्ट

नवी वही. ही बेचाळिसावी. आमच्या चर्चमध्ये लहानपणापासून सांगतात की रोजचं लिहून ठेवा, पुढच्या पिढ्यांना उपयोग होईल. मागच्या एकेचाळीस वह्यांत बहुतेक हवा, सर्दी-खोकला आणि फुटबॉलचे निकाल आहेत. पुढच्या पिढ्यांनी त्यांचा काय उपयोग करायचा तो करावा.

या वहीत मात्र दुसरं काही लिहावं लागणार आहे. गुरुवारी हीबर आमच्याकडे राहायला आला. तळघरातली त्याची जुनी खोली माझ्या बायकोने, अर्डिथने, आवरून ठेवली होती. दोन सुटकेस आणि पियानो सुरात लावायच्या हत्यारांची पेटी, त्याच्या धंद्याची, एवढंच सामान. एकोणचाळीस वर्षांचा मुलगा आईबापांकडे राहायला येतो तेव्हा शेजारी कारण विचारतात. आम्हाला कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे. स्वादुपिंडाचा कॅन्सर. डॉक्टरबाई फक्त नाताळपर्यंतचं बोलल्या.

मला काय हवंय ते स्पष्टच लिहितो, म्हणजे पुढे शब्दांची फिरवाफिरव नको. आठ वर्षांपूर्वी हीबरने चर्चला पत्र लिहून आपलं नाव काढून घेतलं. जाण्याआधी त्याने परत यावं, त्याचा पुन्हा बाप्तिस्मा व्हावा, आणि तो मी स्वतः द्यावा. आमचं कुटुंब चर्चच्या मंदिरात विधी करून अनंतकाळासाठी जोडलं गेलंय, आणि त्यातला एकुलता एक मुलगा सुटून गेला तर त्या अनंतकाळाचं मी काय करू?

त्या पत्राची प्रत त्याने मला दिली होती. चारच ओळी. ‘माझा विश्वास उरलेला नाही, आणि आहे असं म्हणत राहणं मला जमत नाही.’ त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, राग उतरतो.

मंगळवार, २६ ऑगस्ट

अर्डिथ म्हणते, त्याला सुखाने राहू दे, लगेच मागे लागू नकोस. मी मागे लागणाऱ्यातला नाही. मी चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आहे, वाट बघणं मला जमतं. शिवाय माझ्याकडे एक वाट आहे जी इतरांकडे नाही: फुटबॉल, आमचा अमेरिकी, हातात चेंडू धरून पळायचा. चर्च सुटलं, लग्न मोडलं, पण हीबर आमच्या संघाला कधी सोडून गेला नाही. पंचवीस वर्षं त्याच दोन जागा, दक्षिणेकडच्या स्टँडमध्ये, चौदावी रांग. मधली दोन वर्षं तो चर्चच्या प्रचारासाठी फिनलंडला होता, तेवढी सोडली तर एकही घरचा सामना चुकलेला नाही. संघ आपल्याच लोकांचा, आपल्या चर्चच्या विद्यापीठाचा, रविवारी न खेळणारा. ज्याचं मन त्या निळ्या कपड्यांत अजून अडकलंय तो आतून पूर्ण गेलेला नाही, असं मला नेहमी वाटत आलंय.

शनिवार, ६ सप्टेंबर

पहिला घरचा सामना. जिंकलो. हीबरला गाडीपासून जागेपर्यंत चालायला पंचवीस मिनिटं लागली. मी वाटेत दोनदा बुटाची नाडी बांधली, म्हणजे त्याला थांबायला निमित्त.

तिसऱ्या सत्रात आमचा संघ त्यांच्या सीमेपासून चार यार्डांवर, सगळं स्टेडियम उभं, आणि हा म्हणतो, “मी जरा चॉकलेट दूध घेऊन येतो, बाबा.” हे नेहमीचंच. सामना रंगात आला की त्याला ताण सहन होत नाही, तो उठून जातो. लहानपणापासून तसाच हळवा आहे. परत आला तेव्हा गुण झालेले होते, बँड वाजत होता, आणि तो बँडकडेच बघत उभा राहिला, दोन्ही हातांत दुधाच्या बाटल्या.

“हे एवढे लोक एकदम ओरडतात ना,” तो म्हणाला, “तेव्हा पूर्वेकडची बाजू थोडी उतरलेली असते. अर्धा सूर तरी.”

“तिकडे सावली आधी येते,” मी म्हटलं. “गारठतात बिचारे.”

तो हसला. मग थोड्या वेळाने त्याने विचारलं की आपण आता कुठल्या बाजूला खेळतोय. औषधांनी माणसाचं डोकं असं होतं. मी हाताने दाखवलं, तो ‘हो हो’ म्हणाला.

घरी आल्यावर अर्डिथला सगळा सामना सांगितला. ती पीचच्या फोडी बरण्यांत भरत होती. म्हणाली, “तू मैदानाकडे बघतोस आणि तो तुझ्याकडे बघतो.” मी म्हटलं, माझ्या टोपीकडे बघत असेल, ती मलाही आवडत नाही. एकवीस बरण्या झाल्या.

गुरुवार, १८ सप्टेंबर

आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या लोकांसाठी दर गुरुवारी दुपारी मी ख्रिस्ती इतिहासाचा वर्ग घेतो. अकरा जण येतात. त्यातले तीन झोपतात आणि सिस्टर थोरप चौऱ्याऐंशी वर्षांच्या असून प्रश्न विचारतात. आपल्या लोकांना पहिलं शतक ठाऊक असतं, मग एकदम उडी मारून आपला न्यूयॉर्कमधला मुलगा झाडीत प्रार्थना करायला जातो आणि आपलं चर्च सुरू होतं तिथे पोहोचतात. मधली सतराशे वर्षं कुणी वाचत नाही. मला ती आवडतात. त्या लोकांनाही काही माहीत नव्हतं, पण ते झगडत होते.

आज कार्थेज. इसवी सन २५०. बादशहाचा हुकूम निघतो की प्रत्येकाने देवांपुढे बळी द्यावा आणि तसा सरकारी दाखला घ्यावा. बरेच ख्रिस्ती लोक घाबरून रांगेत उभे राहिले. छळ संपल्यावर तेच लोक चर्चच्या दाराशी आले, आम्हाला परत घ्या म्हणाले. कुणी म्हणे घ्या, कुणी म्हणे मुळीच नको. शेवटी तिथल्या बिशपने काय ठरवलं? इतरांनी वाट बघावी, पण जो मरायला टेकला आहे त्याला ताबडतोब आत घ्यावं.

मी पाणी प्यायलो. सिस्टर थोरप माझ्याकडे बघत होत्या, त्यांनी आज काही विचारलं नाही.

शनिवार, २० सप्टेंबर

जिंकलो. अवघड गेलं. हीबरने कोट घातला होता, बाकी सगळे अर्ध्या बाह्यांत.

रविवार, ५ ऑक्टोबर

आमच्या चर्चची सहा महिन्यांतून एकदा होणारी सर्वसाधारण परिषद. सॉल्ट लेकहून टीव्हीवर, दोन दिवस. हीबर वर येऊन आमच्याबरोबर बसला. मला वाटलं होतं तो खालीच राहील. अर्डिथने दालचिनीचे रोल केले होते, त्यातल्या एकाचा त्याने चतकोर खाल्ला.

दुपारच्या सत्रात एका वक्त्याने स्वर्गातल्या जेवणाच्या टेबलाबद्दल सांगितलं, सगळी मुलं आली आहेत का ते बापाने मोजण्याबद्दल. मला काय झालं कळलं नाही. मी उठून गॅरेजमध्ये गेलो आणि गाडीत बसून रडलो. अडुसष्टाव्या वर्षी, मोठ्याने. थोड्या वेळाने बाजूचं दार उघडलं आणि हीबर येऊन बसला. त्याला तेवढं चालून धाप लागली होती.

“बाबा, असं करू नका.”

मी त्याला सगळं सांगितलं. मागे लागायचं नाही असं ठरवलं होतं ते सगळं वाहून गेलं. मी म्हटलं, “मी तिथे गेल्यावर दाराशी उभा राहून तुझी वाट बघत बसायचं का, हीब? किती वेळ?”

तो समोरच्या भिंतीवरच्या बर्फ काढायच्या फावड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “ठीक आहे बाबा. करू या.”

“काय करू या?”

“बाप्तिस्मा. तुम्ही म्हणाल तेव्हा.”

मी देवाचे आभार मानले, त्याच्यासमोरच, डोळे मिटून. उघडले तेव्हा तो माझ्याकडे बघून हसत होता. सोनेरी शाईने लिहावा असा दिवस. आमच्या संघाने तीस वर्षांपूर्वी देशाचं अजिंक्यपद मिळवलं तेव्हाही मी इतका हललो नव्हतो.

सोमवार, ६ ऑक्टोबर

अर्डिथला वाटलं होतं मी नाचेन, मला वाटलं होतं ती नाचेल. ती नाशपातीची सालं काढत राहिली.

“तू विचारलंस की तो आपणहून बोलला?”

“काय फरक पडतो?”

तिने बरणीचं झाकण जरा जास्तच जोरात फिरवलं. तिला आनंद झालाय, मला माहीत आहे. ती आनंद आतल्या आत ठेवणारी आहे. बाप्तिस्म्याच्या वेळच्या पांढऱ्या पँटी चर्चमध्ये असतात, पण त्याच्या कमरेला एकही बसणार नाही, म्हणून तिने संध्याकाळी नवीन शिवायला घेतली.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आमचे बिशप हीबरची बाप्तिस्म्याआधीची मुलाखत घेऊन गेले, श्रद्धेबद्दलचे ठरलेले प्रश्न असतात. बिशप म्हणजे क्लेव्ह ऑलरेड. आमच्यात बिशप पगारी नसतो. क्लेव्ह गॅरेजची दारं बसवतो, आणि नववीत माझ्या वर्गात होता. हीबरचा वर्गमित्र. दोघांनी मिळून एकदा माझ्या टेबलाच्या खणात जिवंत बेडूक ठेवला होता, म्हणून त्याला ‘बिशप’ म्हणताना माझी जीभ अजून अडखळते.

दार लावून वीस मिनिटं बसले. बाहेर आला तेव्हा क्लेव्हचे डोळे लाल होते. मी विचारलं, काय झालं?

“त्यानं सगळ्या प्रश्नांना हो म्हटलं, ब्रदर ऑस्टलर.”

“सगळ्या?”

“सगळ्या.” तो जोडे घालायला खाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. “प्रश्न पुरा व्हायच्या आधीच हो म्हणत होता. मी वरच्या अध्यक्षांना कळवतो. त्यांची परवानगी लागेल. तारीख आठ नोव्हेंबर ठेवू या?”

त्या शनिवारी आमचा सामना नाही. मी म्हटलं, उत्तम.

क्लेव्हचं मन फार मऊ आहे. वर्गातसुद्धा प्राणी मेला की रडायचा.

शनिवार, १८ ऑक्टोबर

हरलो, आणि वाईट हरलो. घरच्या मैदानावर, पावसात. हीबरला कसंतरी होत होतं म्हणून मध्यंतरातच निघालो. गाडीत रेडिओवर उरलेली विटंबना ऐकली. मी चिडून म्हटलं की हे बघ, संघ हरतो म्हणून कुणी संघ बदलत नाही. पुढच्या शनिवारी आपण परत येतोच. श्रद्धेचं असंच असतं.

“बदलतात बाबा,” तो डोळे मिटून म्हणाला. “यायचं थांबवत नाहीत फक्त.”

औषधाच्या गुंगीत होता. मी रेडिओ बंद केला.

मला आज लिहून ठेवायचंय की मला कधीकधी शंका येते. त्याच्यावर नाही, स्वतःवर. गेल्या महिन्यात मंदिरात गेलो होतो, पांढऱ्या खोलीत बसलो होतो, आणि हीबरची आठवण काढायच्या ऐवजी मी पुढच्या सामन्याचा विचार करत होतो. पुढच्या पिढ्यांनो, हेही वाचा. तुमचा पणजोबा मंदिरात बसून चेंडू फेकणाऱ्या पोराच्या दुखऱ्या खांद्याची काळजी करायचा.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

वर्ग. कार्थेज पुढे चालू. आज वेगळ्या लोकांबद्दल सांगितलं. काही ख्रिस्ती असे होते की त्यांनी बळी दिलाच नाही. त्यांनी अधिकाऱ्याला गाठून नुसता दाखला मिळवला. कागदावर लिहिलं होतं की या माणसाने देवांची पूजा केली आहे. त्याने काहीच केलेलं नव्हतं. त्यातले कित्येक म्हणत, आम्ही हे बायकोमुलांसाठी केलं, घरातल्या नोकराचाकरांसाठी केलं. आमच्या एकाच्या खोट्यात सगळं घर वाचलं. बिशप म्हणाला, हे पाप लहान आहे, पण पाप आहे. मनात एक आणि कागदावर दुसरं.

सिस्टर थोरपनी हात वर केला. “मला एक सांगा, ब्रदर ऑस्टलर. घरच्यांसाठी माणसानं खोटं लिहून दिलं, तर ते खोटं कुणाच्या नावावर जातं? त्याच्या की घरच्यांच्या?”

मी म्हटलं, ज्याने सही केली त्याच्या.

“असं होय,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं ज्यांनी त्याला तिथवर ढकललं त्यांच्या.”

मी म्हटलं की त्या लोकांना कुणी घरच्यांनी ढकललं नव्हतं, सरकारने ढकललं होतं. वर्ग पाच मिनिटं आधीच संपवला. घरी येताना डोकं दुखत होतं.

रविवार, २ नोव्हेंबर

उपवासाचा रविवार. चोवीस तास मी आणि अर्डिथ हीबरसाठी उपाशी राहिलो. तोही काही खात नाही, पण त्याचं कारण वेगळं. श्रद्धेची साक्ष देण्याच्या सभेत मी उभा राहिलो आणि सांगितलं की माझा मुलगा घरी येतोय. पुष्कळ लोक रडले. क्लेव्ह पुढच्या बाकावर बसून आपल्या तळहातांकडे बघत होता.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करतो.

पाण्यात पूर्ण बुडवावं लागतं. पायाचा अंगठा जरी वर राहिला तरी साक्षीदार मान हलवतात आणि पुन्हा करावं लागतं. हीबरला दोनदा बुडवायचं नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून म्हटलं, दुपारी दिवाणखान्यात जरा सराव करू. गालिच्यावर. माझा डावा हात त्याच्या मनगटाला, उजवा पाठीमागे. त्याने गुडघे वाकवायचे, नाक धरायचं आणि मागे झुकायचं. अर्डिथ शिवणाच्या मशीनवर होती, दार उघडं होतं.

तो माझ्या हातावर मागे झुकला. सगळं वजन टाकलं त्याने. वजन काहीच नव्हतं. मी त्याला थोपवून धरलं, शब्द न बोलता नुसतं मोजलं, आणि वर घेतलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. तो म्हणाला, “बरोबर झालं का? हवं तर परत करू.”

हा आवाज मी ओळखत होतो. ‘मस्त झाली ना मॅच, बाबा?’ हाच तो आवाज. पंचवीस वर्षं, गाडीत बसलं की पट्टा लावता लावता. मी त्याला सोफ्यावर बसवलं आणि स्वतः समोर पियानोच्या स्टुलावर बसलो. मी काय विचारणार आहे ते मला तोंडातून निघेपर्यंत माहीत नव्हतं.

“हीब, तुला फुटबॉल आवडतो का?”

शिवणाचं मशीन थांबलं.

“खरं सांग. मी रागावणार नाही.”

“मला शनिवार आवडतात,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“म्हणजे?”

“फुटबॉल कधीपासून आवडत नाही?”

“नववीत असेन. नियम बदलले तेव्हापासून तर मला काही कळतच नाही.” तो थोडा हसला. “तुम्ही इतके खूश असायचात. तुम्ही टोपी घालून दारात उभे राहायचात ना, गाडीची किल्ली वाजवत. त्याला नाही कोण म्हणणार?”

मला तिथेच थांबायला हवं होतं. इतिहासाच्या मास्तराला थांबता येत नाही, पुढचा प्रश्न विचारावाच लागतो.

“आणि बाप्तिस्मा?”

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. मग अगदी सहज, मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, “तोही शनिवारीच आहे, बाबा.”

आतमध्ये अर्डिथने मशीन पुन्हा सुरू केलं नाही. मी स्टुलावरून उठलो, त्याच्या पायावर शाल टाकली, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो. सगळ्यांना हे माहीत होतं. अर्डिथला माहीत होतं. क्लेव्हला माहीत होतं. वर्गातल्या त्या म्हातारीलाही. मीच एकटा चौदाव्या रांगेत बसून चेंडू बघत होतो.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सकाळी क्लेव्हच्या कामावर गेलो. कुणाच्या तरी गॅरेजचं दार अर्धं वर अडकलं होतं आणि तो शिडीवर होता. मी खालूनच सांगितलं, उद्याचं रद्द कर.

“त्याची तब्येत?”

“तब्येत तशीच आहे. तो खोटं बोलतोय, क्लेव्ह. माझ्यासाठी. आठ वर्षांपूर्वी खोटं बोलायला नको म्हणून तो एवढं सगळं सोडून गेला, आणि आता तो मरत असताना मी त्याच्याकडून तेच करून घेतोय.”

तो खाली उतरला. हात पुसायला फडकं शोधत राहिला, फडकं त्याच्या खांद्यावरच होतं. म्हणाला, “मला कळत होतं. मी रोज प्रार्थना करत होतो की हे मला थांबवायला लागू नये.”

“मग थांबवलं का नाहीस?”

“तुम्ही रविवारी उभे राहून बोललात ना.” मग हळूच, “तुमच्यासमोर मला अजून नववीत असल्यासारखं वाटतं, ब्रदर ऑस्टलर.”

एकूण माझ्यासमोर कुणालाच नाही म्हणता येत नाही असं दिसतंय. मला वाटत होतं मी प्रेमळ माणूस आहे.

अर्डिथला सांगितलं तेव्हा ती रडली. माझ्यापेक्षा जास्त तिला हवं होतं हे मला आत्ता कळलं. तिने ते तोंडावर येऊ दिलं नव्हतं, एवढंच. मग डोळे पुसून तिने ती पांढरी पँट पुन्हा हातात घेतली आणि राहिलेली बटणं लावली. मी म्हटलं, आता कशाला? “अर्धवट टाकू कशी,” ती म्हणाली.

हीबरला मी सांगितलं की वरच्या अध्यक्षांची परवानगी वेळेत आली नाही. तो माझ्याकडे बघत राहिला.

“बाबा, तुम्हाला खोटं बोलता येत नाही.”

“मी रद्द केलं.”

“माझी काही हरकत नव्हती. खरंच.”

“माहीत आहे,” मी म्हटलं. “माझी आहे.”

त्याने माझा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसा, दोन बोटं. खूप वेळ सोडला नाही. अनंतकाळ म्हणजे काय ते मला पहिल्यांदा नीट कळलं आणि ते माझ्या हातातून गेलेलं होतं. हे पुढच्या पिढ्यांसाठी लिहीत नाही. हे असंच लिहितो.

शनिवार, ८ नोव्हेंबर

मी विचारलं, आज काय करायला आवडेल? तो म्हणाला, आपला पियानो लावू, फार बिघडलाय, ऐकवत नाही. त्याला बसवत नव्हतं. सोफा ओढून पियानोजवळ आणला. तो आडवा पडून सांगायचा आणि मी त्याच्या हत्याराने खुंटी पिळायचो, एक हात खुंटीवर, एक पट्टीवर.

“थोडं वर. अजून. नाही, जास्त झालं. मागे या. आता?”

मला दोन्ही सारखेच ऐकू येत होते. मी म्हटलं, “हो, आता छान झालं.”

तो खोकेपर्यंत हसला. “बाबा, तुम्हाला काही कळत नाहीये.”

“काही नाही.”

“मग कशाला हो म्हणता?”

मी पुन्हा पट्टी दाबली. साडेतीन तासांत मधल्या अकरा पट्ट्या झाल्या. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला शनिवार होता, आणि आम्ही दोघांपैकी कुणी तसं म्हटलं नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

घरचा सामना होता. गेलो नाही. कोण जिंकलं माहीत नाही. दिवसभर त्याच्या खोलीत बसलो. अर्डिथ त्याच्या ओठांना बर्फ लावत होती. तो मधूनच जागा व्हायचा आणि आम्ही आहोत ना ते बघायचा.

बुधवार, १९ नोव्हेंबर

हीबर आज सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी गेला. बाहेर ऊन होतं. अर्डिथने त्याचे केस विंचरले.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आज मूठमाती दिली. सभा आमच्याच चर्चमध्ये झाली. तो सभासद नव्हता, पण क्लेव्हने कुणाला विचारलंच नाही, सरळ दार उघडलं. मी दोन वाक्यं बोललो आणि बसलो. आमच्यात मंदिराचे पांढरे कपडे घालून पुरतात. हीबरला ते घालता येत नाहीत, तो त्याच्या राखाडी सुटात गेला. मी आणि क्लेव्हने मिळून घातला. टायची गाठ क्लेव्हने बांधली, मला ती दिसत नव्हती.

नंतर मागच्या हॉलमध्ये मंडळीतल्या बायकांनी जेवण ठेवलं होतं: हॅम, चीज घातलेले बटाटे, हिरवी जेली. प्रत्येक मयताला हेच असतं आणि मी ते कित्येक वेळा मिटक्या मारत खाल्लं आहे. सिस्टर थोरप माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचे मी आभार मानतो.

सगळे गेल्यावर मी आणि क्लेव्ह खुर्च्या मिटत होतो. अर्डिथ स्वयंपाकघरात भांडी कुणाकुणाची ते बघत होती. क्लेव्ह म्हणाला, “ब्रदर ऑस्टलर, आत्ता बोलू नये, पण तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो. एक वर्षानंतर अर्ज करता येतो. त्याच्या वतीनं दुसरं कुणीतरी मंदिरात बाप्तिस्मा घेतं. वरून परवानगी लागेल, पण मिळते. तिकडे त्याला पटलं तर तो घेईल, नाही तर नाही. त्याच्यावर जबरदस्ती काही नाही.”

मला हे सगळं माहीत आहे. मी स्वतः मंदिरात उभा राहून शेकडो अनोळखी मेलेल्यांच्या वतीनं पाण्यात बुडी घेतली आहे. गेल्या बुधवारपासून दुसरं काही डोक्यात नाही. एक अर्ज, एक सही, एक वर्ष. अर्डिथनेही आज सकाळी गाडीत एकदा माझ्याकडे पाहिलं होतं, तोंड उघडून मिटलं होतं.

“तो नाही म्हणणार नाही, क्लेव्ह,” मी म्हटलं. “मी मागितलं तर तो हो म्हणेल. तिथेसुद्धा.”

“मग?”

मी हातातली खुर्ची मिटली. ती नीट मिटेना, पुन्हा उघडून मिटली.

“जन्मात एकदाच त्यानं मला नाही म्हटलंय. त्या पत्रातल्या चार ओळींत. तेवढं एक राहू दे त्याच्याकडे.”

क्लेव्हने माझ्या हातातून खुर्ची घेतली आणि भिंतीशी बाकीच्यांजवळ लावून ठेवली. अजून चाळीसेक राहिल्या होत्या. आम्ही त्या आवरल्या.